पाळणाघर हवंय, सोमवारच्या आत!

सोमवारपासून कामावर जायचंय, बाळाला ठेवायला कुणी नाही. खासगीवाल्या बाई साडेचार हजार मागतात, माझा पगार अकरा. सरकारी स्वस्तात असतं म्हणे. पुण्यात कुठे? पटकन सांगा.

कटिंगचहा: बाळ केवढं? राहता कुठे? वाघोलीही पुणं आणि धायरीही पुणंच.

नलूमावशी: अंगणवाडीत घाल गं. माझ्या दोन्ही नाती तिथेच वाढल्या. खाऊ पण मिळतो.

निवृत्त_कारकून: मावशी, अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे. तीन वर्षांपुढची मुलं बसवतात, तीही काही तासच. त्याआतल्यांना वजन, लस आणि घरी न्यायचा आहार.

नलूमावशी: आमच्या बाई ठेवून घ्यायच्या.

निवृत्त_कारकून: तो बाईंचा चांगुलपणा. योजनेत नाही.

सजग_पालक: आरटीईचा फॉर्म भरा! खासगी शाळांत २५ टक्के जागा राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा.

कटिंगचहा: अहो, त्या बाळाला आधी चालू तर दे.

धागाकर्ती: १४ महिन्यांचा आहे. अप्पर इंदिरानगर. बाणेरला हाउसकीपिंग, ७ ते ४. सांगितलं नव्हतं का?

निवृत्त_कारकून: नव्हतं. मग तुम्हाला हवी ती ‘पाळणा’ योजना. जुनी राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना, २०२२ पासून केंद्राच्या महिलांसाठीच्या ‘मिशन शक्ती’त. सहा महिने ते सहा वर्षं, महिन्यातले २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. पण प्रत्येक अंगणवाडीत नाही. सेविकेला विचारा, नाहीतर थेट बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं ऑफिस गाठा.

कटिंगचहा: ड्यूटीच नऊ तासांची, वर बस. साडेसातात कसं बसवायचं?

कायदेपंडित: कंपनीला पकडा. ५० कर्मचारी असले की पाळणाघराची सोय द्यावीच लागते, मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून. आईला दिवसातून चारदा भेटताही येतं.

धागाकर्ती: कंपनीत पाळणाघर आहे की. काचा मीच पुसणार त्याच्या. पण सुपरवायझर म्हणतो, ते स्टाफसाठी, तुम्ही कंत्राटदाराच्या.

संस्कारी_पुणेकर: एवढ्या लहानग्याला टाकून जायचं म्हणजे… आई ती आईच.

नलूमावशी: मग तू दे अकरा हजार दरमहा.

कायदेपंडित: मिस्टर काय करतात?

धागाकर्ती: सेंट्रिंग. हिंजवडीकडे साइट आहे.

कायदेपंडित: हे आधी सांगायचं! तारा मोबाइल क्रेशेस पुण्यात बांधकामांवर पाळणाघरं चालवते. त्यांच्या साइटवर आहे का, विचारा.

निवृत्त_कारकून: बिल्डरने मनावर घेतलं तर. आणि साइट बदलली की पाळणाघर मागे राहतं.

पीएमटीप्रेमी: अप्परहून बाणेरला ७ ला पोचायचं म्हणजे स्वारगेटला बस बदलणं आलं. कात्रज बायपासने शेअर रिक्षा बघा.

कटिंगचहा: बायपासने? चांदणी चौकात म्हातारे व्हाल.

पीएमटीप्रेमी: पहाटे मोकळा असतो. मी रोज जातो.

धागाकर्ती: सेविकाबाईंना विचारलं, आमच्याकडे पाळणा नाही. नवऱ्याच्या साइटवरही नाही. चाळीतल्या आजी दोन हजारांत सांभाळते म्हणतात, पण त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, आणि हा आता सगळीकडे रांगतो. बालविकासच्या ऑफिसला जाऊन येते. पीएमटीवाले दादा, रिक्षा किती वाजता सुटते?