पोळ्याच्या सुटीत फाटक लावून घरी एकटे राहणे योग्य आहे का?

गुरुजी (दारव्हा तालुका)

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाला गावात स्वतःचा असा वेळ मिळत नाही, हे इथल्या अनेकांना ठाऊक असेल. वर्ग सुटला की पोषण आहाराचा हिशेब असतो, तो झाला की मतदार याद्या असतात, आणि संध्याकाळी छपरीत टेकावे तर कोणाच्या मुलाचा दाखला किंवा कोणाच्या पीकविम्याचा अर्ज समोर येतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण विश्वास असतो म्हणूनच लोक येतात. परंतु 2025 साली पोळा शुक्रवारी, 22 ऑगस्टला आला, दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा आणि त्याला लागून रविवार, अशी सलग सुटी मिळाली. पत्नी व मुलगी अमरावतीला गेल्या आणि मी फाटकाला आतून कडी लावून घरीच राहिलो. मुगाची खिचडी टाकली, गेल्या दिवाळीपासून न उघडलेले दिवाळी अंक काढले, आणि खरकटी भांडी तशीच ठेवून दुपारभर झोपलो.

सोमवारी शाळेच्या वाटेवर पहिल्याच माणसाने विचारले, "गुरुजी, सुतक हाये काय घरी?" सण न करणारे घर म्हणजे सुतकाचे घर, एवढीच एक शक्यता गावाला सुचते. माझ्या घरी बैल नाही, वावर नाही. मी कोणाचे काही हिरावून न घेता दोन दिवस गप्प बसलो, तर त्यात वावगे काय आहे, यावर मते हवी आहेत.

कास्तकार (हिंगणघाटकडील)

गुरुजी, "कोणाचे काही हिरावून न घेता" या शब्दांवरच माझा आक्षेप आहे. गावच्या तोरणाखाली जोड्या जमतात आणि पोळा सुटल्यावर बैल घरोघर नेले जातात ते केवळ दाखवण्यासाठी नव्हे. दारापुढे उभ्या राहिलेल्या जोडीचे पाय धुतले जातात, कुंकू लावून पुरणपोळीचा घास दिला जातो आणि कासरा धरणाऱ्या गड्याच्या हातावर बोजारा, म्हणजे मानाचे पैसे, ठेवला जातो. सालगड्याच्या वर्षात हक्काने वरकड पैसा मिळण्याचे प्रसंग मोजके असतात आणि त्यांतला हा एक असतो. गावात पगारदार माणसाच्या घरचा बोजारा इतरांपेक्षा बरा असतो, हे गड्याला आधीपासून माहीत असते. तुमचे फाटक बंद दिसले तेव्हा त्याच्या हिशेबातली एक रक्कम कमी झाली.

दुसरे असे की, बैल नसणे हे कारण होऊ शकत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून आमच्याकडे निम्म्याहून अधिक घरांत बैल नाहीत. बैल नाही म्हणून प्रत्येकाने दार लावायचे ठरवले, तर तोरणाखाली उभी राहणारी जी थोडी जनावरे उरली आहेत, ती कोणाच्या दारी न्यायची? डवरणीच्या दिवसांत चिखलात राबलेल्या जनावराला वर्षातून एक दिवस मान मिळतो, आणि तो मान द्यायला माणसे लागतात.

चिखलीची सून

मला गुरुजींचा हेवा वाटला, हे आधीच सांगते. आमच्या घरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी, म्हणजे बैलांचे खांदे शेकणे, असते. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असे बैलांच्या कानात सांगून पुरुष मंडळी मोकळी होतात आणि ते आवतन निभावण्याचे काम स्वयंपाकघराकडे येते. डाळ शिजवणे, पुरण वाटणे, कटाची आमटी, भजी, आणि जोडी दाराशी आली की पदर खोचून ताट घेऊन पुन्हा बाहेर. त्यातून पाठ सरळ होते न होते तोच महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, येतात. 2025 साली त्या 31 ऑगस्टला बसल्या, म्हणजे मधे पुरते दहा दिवसही नव्हते, आणि त्यांच्या नैवेद्याला आमच्याकडे सोळा भाज्या, आंबील आणि पुन्हा पुरणच लागते.

तरीही मी गुरुजींच्या बाजूने सरळ उभी राहू शकत नाही. त्यांना सुतकाबद्दल विचारले गेले, म्हणजे त्यांच्या एकटेपणासाठी लोकांनी निदान एक सभ्य कारण शोधले. मी सणाला दार लावून एकटी राहिले असते, तर पहिला प्रश्न नवऱ्याशी भांडण झाले का, असा आला असता, दुसरा माहेरी, आणि संध्याकाळपर्यंत जावेचा फोन. पुरुषाने खिचडी टाकून दिवस काढला की त्याचे कौतुक होते. बाईने खिचडी टाकली की बैलाला नैवेद्य काय दाखवला, अशी चौकशी होते. एकांत चांगलाच आहे, पण गावात तो कोणाला परवडतो यावर कोणी बोलत नाही.

झाडीपट्टीचा

आमच्या भागात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, घराघरांत पाहुणे उतरतात आणि रात्रभर नाटक चालते. थकवा जातो तो त्या गर्दीत बसून, ओळखीच्या माणसाच्या खांद्याला खांदा लागून. दार लावून मिळणारी विश्रांती मला तरी आजारपणासारखी वाटते. गुरुजींनी एकदा वडशाकडे यावे.

गुरुजी (दारव्हा तालुका)

वडशाच्या आमंत्रणाबद्दल आभार मानतो, परंतु रात्रभर नाटक पाहून ज्याचा थकवा जातो त्याची प्रकृती आणि माझी प्रकृती वेगळी आहे, एवढेच म्हणतो.

बोजाऱ्याचा मुद्दा रास्त आहे. त्यावर माझे उत्तर असे की, ज्या गड्यांच्या जोड्या आमच्या आळीत येतात, त्यांना खांदशेकणीच्या संध्याकाळीच घरी जाऊन ती रक्कम देता येईल, शिवाय थोडी अधिकही देता येईल. म्हणजे गड्याचे नुकसान होणार नाही आणि माझे फाटकही बंद राहील. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी घेऊन येतात, त्यांचा खाऊ शेजारच्या काकूंकडे ठेवीन. याउपर माझी उपस्थितीच हवी असा आग्रह असेल, तर मात्र मला तो मान्य नाही. वर्षभर ज्याचे दार उघडे असते, त्याने दोन दिवस ते लावले तर गावाचा मान कमी होत नाही. ताईंनी मांडलेल्या प्रश्नावर मात्र माझ्याजवळ उत्तर नाही.

कास्तकार (हिंगणघाटकडील)

आदल्या दिवशी घरी नेऊन दिलेले पैसे ही मदत झाली, गुरुजी. तो बोजारा नव्हे. जोडीला झूल घातली आहे, शिंगांना बेगड आणि कपाळाला मठाटी बांधली आहे, आणि धुतलेल्या सदऱ्यात गडी ताठ उभा आहे, अशा वेळी घरधनी बाहेर येऊन हात जोडतो. त्या क्षणी तो हात गड्यालाही जोडलेला असतो. एरवी याच गड्याला तुमच्या छपरीच्या पायरीवर बसून दाखल्यासाठी थांबावे लागते. त्याला आगाऊ पैसे दिलेत तर तो ते घेईल आणि तुम्हाला बरेही म्हणेल, पण नंतर जोडी तुमच्या फाटकावरून पुढे नेताना त्याला काय वाटते, ते तो तुम्हाला सांगणार नाही.

माझी तडजोड एवढीच आहे की दिवसभर फाटक खुशाल लावा, पोळा सुटल्यावर जोड्या आळीतून जाईपर्यंत उघडा, आणि तान्ह्या पोळ्याला पहाटे दारचे मेढे, म्हणजे पळसाच्या फांद्या, काढून "घेऊन जा गे मारबत" म्हणत इडापिडा गावाबाहेर न्यायला पोरे गेली की पुन्हा कडी घाला.

चिखलीची सून

भाऊंची तडजोड वाचली. पोळा सुटेपर्यंत फाटक बंद आणि मग ताट घेऊन बाहेर, यात पुरण कोणी करायचे ते ठरवायचे राहिले आहे. गुरुजींच्या घरी खिचडी होती. ती चालेल असे भाऊंनी लेखी द्यावे, म्हणजे पुढच्या पोळ्याला आमच्या घरी दाखवता येईल.