कारचे अडकलेले मागचे दार: आधी आवाज ऐकावा

आतून वा बाहेरून, कुठूनही न उघडणाऱ्या कारच्या मागच्या दारासाठी चाइल्ड लॉक (मुलांनी आतून दार उघडू नये म्हणून असलेले लॉक) तपासण्याचा सल्ला काहीजण देतात; परंतु चाइल्ड लॉक केवळ आतले हँडल निकामी करते, त्यामुळे येथे दोष लॅचमध्ये (दार बंद धरून ठेवणाऱ्या खटक्यामध्ये) किंवा त्याला जोडणाऱ्या सळईत असावा. रिमोट दाबताना दाराला कान लावावा. लॉकच्या मोटरचा आवाज येऊनही आतली लॉकची खुंटी हलत नसेल, तर सळईची प्लास्टिकची क्लिप निखळली असण्याची शक्यता मोठी. दुसरे कोणी रिमोट दाबत असताना आपण हँडल ओढून धरावे आणि दार तळहाताने आत रेटावे. लॅचवरील ताण कमी झाल्याने ते पुष्कळदा सुटते. पहारीने मात्र कृपया उचकटू नका, पत्रा कायमचा वाकतो. दार उघडल्यावर दुरुस्ती होईपर्यंत ते पुन्हा लावू नका, कारण दुरुस्तीसाठी बंद दाराचे आतले पॅड (आतील आच्छादन) काढणे अत्यंत जिकिरीचे असते.