मदत हवी आहे: जुन्या चर्चमधली मांजरं आणि चुनखडीची फरशी

भिंतींना चुन्याचा गिलावा, खाली चुनखडीच्या दगडाची फरशी. बाकांखालच्या लाकडी चौथऱ्याच्या पोकळीत एका भाटीने पिल्लं घातली आहेत. मांजरांना हाकलायचं नाही, ती हवीच आहेत.

मुख्य अडचण मुताच्या डागांची. व्हिनेगर बाद, कारण आम्लाने चुनखडी विरघळते. ब्लीचही नको, मुतातल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू तयार होतो. राहिलं एन्झाइमचं, म्हणजे मुतातले वास देणारे घटक मोडणारं द्रावण. पण दगड सच्छिद्र. वरून पुसला तरी हवेत ओल आली की वास परत येतो. अशा दगडावर द्रावण किती वेळ ओलं ठेवावं? नंतर क्षार फुलले, म्हणजे दगडावर पांढरी पूड आली, तर ती ओढून घ्यायला कागदाच्या लगद्याचा लेप लावलाय का कोणी?

त्या पोकळीच्या झरोक्याला जाळी बसवायचीय, पण पिल्लं बाहेर पडल्याशिवाय नाही. नाहीतर आई बाहेर आणि पिल्लं आत अडकायची. पिल्लं अंगावर पीत असतानाही भाटी पुन्हा गाभण राहू शकते, मग नसबंदीसाठी पिंजरा नेमका कधी लावता? पिल्लं ८ आठवड्यांची होईपर्यंत थांबणं बरोबर का?

वेदीवरच्या लिली मात्र लगेच बंद केल्यात. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. गुलाबाखेरीज कोणती फुलं निर्धोक?