हिस्पॅनिक वारसा महिना : तिसरीच्या मुलांना नेमके कोणते शब्द शिकवावेत?

प्रश्न (तिसरीची शिक्षिका, टेक्सास)

दरवर्षी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात अमेरिकेत हिस्पॅनिक वारसा महिना साजरा होतो आणि त्यानिमित्तच्या शब्दसंग्रहाचा पाठ तयार करण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. हाती आलेल्या तयार यादीत 'फिएस्ता' (सण-समारंभ), 'पिन्याता' (खाऊ भरून फोडायची कागदी आकृती), 'सोंब्रेरो' (रुंद कडांची टोपी), 'माराका' (खुळखुळ्यासारखे वाद्य) आणि 'ताको' (मक्याच्या पोळीत सारण भरलेला पदार्थ) एवढेच शब्द आहेत. खाणेपिणे आणि नाचगाणे यांपलीकडे या लोकांचा काही वारसाच नाही, असा मुलांचा समज व्हावा, अशी ती यादी आहे. माझ्या वर्गातील बऱ्याच मुलांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते, तर उरलेल्यांना ती पूर्णपणे अनोळखी आहे. दोघांच्याही पदरात काही पडेल असे शब्द कसे निवडावेत? शिवाय 'हिस्पॅनिक' आणि 'लॅटिनो' यांतील फरक आठ वर्षांच्या मुलांना कसा सांगावा?

उत्तर १ (द्विभाषिक वर्गाची शिक्षिका)

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकाशावर आहे. 'हिस्पॅनिक' हा शब्द स्पॅनिश भाषेशी जोडलेला आहे, तर 'लॅटिनो' हा लॅटिन अमेरिकेच्या भूभागाशी. मुलांना नकाशावर स्पेन, मेक्सिको आणि ब्राझील हे तीनच देश दाखवा आणि एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळे काढून त्यांची नावे कुठे लिहायची ते त्यांनाच ठरवू द्या. मेक्सिको दोन्ही वर्तुळांत येतो, स्पेन केवळ हिस्पॅनिक वर्तुळात, आणि पोर्तुगीज बोलणारा ब्राझील सर्वसाधारणपणे केवळ लॅटिनो वर्तुळात. एखाद्या मुलाने 'आम्ही स्वतःला यांपैकी काहीच म्हणत नाही, आम्ही क्यूबन आहोत' असे सांगितले, तर तेही तितकेच बरोबर आहे.

महिना मधूनच का सुरू होतो, हे मुले हमखास विचारतात, आणि त्या उत्तरातूनच 'स्वातंत्र्य' हा शब्द शिकवता येतो. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन १५ सप्टेंबरला असतो (वर्ष १८२१), त्यापाठोपाठ १६ तारखेला मेक्सिकोचा आणि १८ तारखेला चिलीचा राष्ट्रीय दिन येतो. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात १९६८ मध्ये हा केवळ आठवडा होता. १९८८ मध्ये रेगन यांच्या कारकिर्दीत त्याचा महिना झाला. एक सूचना : तयार कार्यपत्रिकांत 'सिंको दे मायो' या महिन्यात घुसडलेला दिसला, तर तो खुशाल खोडा. तो ५ मे १८६२ रोजी पुएब्ला येथे फ्रेंच सैन्यावर मिळवलेल्या विजयाचा दिवस आहे, मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नव्हे.

उत्तर २ (भाषेचा अभ्यासक, पालक)

मी सुरुवात इंग्रजीत आधीच मुरलेल्या शब्दांपासून करीन, कारण ज्या मुलांना स्पॅनिश येत नाही त्यांनाही हे शब्द रोज लागतात. फ्लोरिडा, नेवाडा आणि कोलोरॅडो ही राज्यांची नावे स्पॅनिश आहेत. कॅन्यन, पॅटिओ, टॉर्नेडो हे शब्दही स्पॅनिशमधून आले. त्यापुढची पायरी अधिक रंजक आहे : टोमॅटो, चॉकलेट, कायोटी हे मुळात मेक्सिकोतील नावात्ल भाषेचे शब्द, आणि हरिकेन कॅरिबियन बेटांवरील ताईनो भाषेतला, स्पॅनिश ही त्यांची वाटेतली मुक्कामाची जागा. (आपला 'बटाटा'ही ताईनोतूनच निघाला, पण तो पोर्तुगीजांच्या गलबतातून आपल्याकडे पोहोचला.) वारसा एकाच उगमाचा नसतो, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

'मॉस्किटो' या शब्दावर मात्र निवांत थांबा. 'मोस्का' म्हणजे माशी, आणि '-इतो' लागला की ती छोटी माशी होते. फळ्यावर 'गातो' म्हणजे मांजर आणि 'गातितो' म्हणजे मांजरीचे पिल्लू एवढे लिहिले, की 'कासा'चे 'कासिता' मुले आपणहून करतात. आपण घराचे घरकुल करतो, तसेच. पाठ केलेल्या वीस शब्दांपेक्षा असा एक प्रत्यय हाती आलेला मला अधिक मोलाचा वाटतो.

उत्तर ३ (निवृत्त प्राथमिक शिक्षक)

वरील सूचना चांगल्या आहेत, परंतु व्युत्पत्ती म्हणजे वारसा नव्हे. माणसे आल्याशिवाय हा पाठ पुरा होणार नाही. 'वेल्गा' म्हणजे संप, हा शब्द १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेलानो येथे सुरू झालेल्या द्राक्षमळ्यांतील मजुरांच्या संपासोबत आणि सेझर चावेझ व डोलोरेस वेर्ता या शेतमजूर नेत्यांच्या नावांसोबत शिकवावा. 'सी, से पुएदे', म्हणजे 'होय, हे शक्य आहे', ही वेर्ता यांची घोषणा मुले एका दमात शिकतात. सिल्विया मेंडेझ यांची कथाही सांगावी. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या आणि जवळच्या शाळेने त्यांना प्रवेश नाकारला तेव्हा त्या तुमच्या विद्यार्थ्यांच्याच वयाच्या होत्या. त्यांच्या पालकांनी इतर कुटुंबांसह लढलेला खटला १९४७ मध्ये अपिलातही जिंकला. 'इक्वल' (समान) आणि 'सेपरेट' (विभक्त) हे दोन इंग्रजी शब्द याहून चांगल्या रीतीने शिकवता येतील असे मला वाटत नाही.

'स्थलांतरित' हा शब्द सरसकट वापरू नये. अमेरिकेच्या अखत्यारीतील पोर्तो रिको या कॅरिबियन बेटाचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, आणि नैऋत्येतील काही कुटुंबे मेक्सिको व अमेरिका यांच्यातील १८४८ च्या तहाने सीमा सरकण्यापूर्वीपासून तेथेच राहत आहेत.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांनाच शब्दांचे अर्थ सांगायला लावावेत का?

उत्तर १ (द्विभाषिक वर्गाची शिक्षिका)

ज्याला हौस आहे त्याने सांगावे, पण कोणालाही नाव घेऊन उभे करू नये. घरोघरची स्पॅनिश वेगळी असते : पेय पिण्याच्या नळीला मेक्सिकोत 'पोपोते' म्हणतात, तर कोलंबियात 'पितियो'. दोन मुलांनी दोन शब्द सांगितले, तर दोन्ही फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाखाली देशाचे नाव लिहायला विसरू नका.