फिक्स्ड गिअरवर लांबचा दौरा: करूळ उतरून आंबोली चढावी का?

पंचगंगाकाठ
माझं मत आधीच सांगतो. लांबच्या दौऱ्याला फिक्स्ड गिअर चालते, आणि आपल्या भागात तर चांगलीच चालते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: या सायकलला फ्रीव्हील नसतं. मागचा कॉग, म्हणजे दात्यांचं चक्र, थेट हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आवळलेला, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. पाय थांबवून सायकल सोडून देता येत नाही.

येत्या थंडीत कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, कणकवली, सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज आणि परत, असा फेरा मारायचाय. पुढं ४२ दाते, मागं १८, दोन्ही चाकांना ब्रेक. डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, नाही, त्यामुळे तो जिथं टांगतात तो हँगर वाकायची भीती नाही. शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचा खटका, नाही, त्याच्या केबल नाहीत. बिघडलंच तर पाना आणि चेनची एक कडी, एवढ्यात काम भागतं. शिवाय रस्ता पायाला कळतो. चढ सुरू झाला हे डोळ्यांआधी मांडीला समजतं, आणि मला दौरा त्याच्यासाठीच करायचाय.

घाटवाट
भावा, रस्ता कळतो हे मान्य. पण करूळचा हिशोब मांड की. ४२/१८ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५ मीटर पुढं जाते. सपाटीला ताशी २७ किमी म्हणजे मिनिटाला ९० फेरे, एकदम मस्त. उतारावर वेग ५० झाला तर १६७ फेरे! सामान बांधलेल्या सायकलवर तेवढं कोण फिरवणार?

दुसरं वळणांचं. साधी सायकल कलताना आपण आतला पायडल वर धरतो. फिक्स्डवर तो खाली यायचा तेव्हा येणारच. वळणावर खडी पसरलेली असली आणि पायडल रस्त्याला घासला, तर मागचं चाक उचललं जातं. करूळमध्ये एका बाजूला कठडा आणि समोरून ट्रक. तिथं हे झेपायचं नाही.

पंचगंगाकाठ
५० नं उतरायचं कुणी सांगितलंय? ब्रेक लावून ३० वर धरली की १०० फेरे होतात, रोज सराव करणाऱ्याला ते जड नाही. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, १६५ मिमीचा घेतलाय, तो जरा आखूड असल्यानं पायडल लवकर टेकत नाही. बिनब्रेकचं मी कुठंच म्हटलेलं नाही. पायडल रोखून चाक थांबवता येतं, पण चेन तुटली की हा पायाचा ब्रेक गेला, त्यामुळे घाटात दोन ब्रेक पाहिजेतच.

फिजिओ_राजारामपुरी
दादा, गुडघ्याचं बोलते, कारण असे पेशंट रोज बघते. फिक्स्डनं गुडघे जातातच असं नाही. पण दाणोलीच्या पुढं आंबोलीचा चढ लागला आणि वेग ८ वर आला, की तुमच्या गिअरला मिनिटाला २७ फेरे पडतील. इतक्या संथ फिरवण्यात प्रत्येक फेऱ्याला सगळा जोर वाटीवर येतो. त्यात कॅरिअरला पिशव्या. उतरताना पायानं चाक रोखायला गेलात की मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच आखडतो. म्हणजे करूळ उतरून आखडलेल्या मांड्यांनी तुम्ही आंबोली चढणार. क्रम उलटा करा, नाहीतर मध्ये एक दिवस सावंतवाडीत थांबा.

पंचगंगाकाठ
ताई, एक दिवस थांबायचं पटलं. चढ अगदीच उभा लागला तर उतरून ढकलायचीही तयारी आहे, त्यात कमीपणा वाटत नाही.

उद्यमनगरी
लोक हे जगावेगळं असल्यासारखं बोलतायत. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलरला बंदी होती. चढाच्या पायथ्याला चाक काढायचं, उलटं बसवायचं, की दुसऱ्या बाजूचा मोठा कॉग मिळायचा. त्यावर आल्प्स चढले ते. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडचे १२०० किमी आजही काहीजण फिक्स्डवर पुरे करतात. करूळ-आंबोली होणारच.

घाटवाट
आल्प्स चढले, पण परवानगी मिळाल्याबरोबर सगळ्यांनी डिरेलर घेतलाच ना? आणि माझा मुख्य मुद्दा विसाव्याचा आहे. उतारावर पाय थांबले की माणूस पाणी पितो, चिक्की खातो, सीटवरून जरा उठतो. फिक्स्डवर दिवसभर एक क्षण तशी उसंत नाही. गावोगावचे बिनपट्ट्याचे स्पीडब्रेकर बघ. आपण दोन्ही पायडल आडवे धरून उभं राहून ओलांडतो, तुला तिथं फेरा जुळवत बसावं लागणार. बुटाची नाडी चेनमध्ये अडकली तर पाय थांबवायचीही सोय नाही, चाक ती ओढतच राहणार.

पंचगंगाकाठ
नाडीचं अगदी खरं, म्हणून नाडी बुटात खोचतो आणि उजव्या पायाला पट्टी बांधतो. विसाव्याला मी थांबतो. गगनबावड्यात चहा घ्यायला सायकलवरून उतरावं लागतं, हे मला आवडतं.

उद्यमनगरी
मग फ्लिप-फ्लॉप हब टाक. एका बाजूला फिक्स्ड, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. गगनबावड्यात चाक उलटव, करूळ निवांत उतर, खाली परत फिक्स्ड.

घाटवाट
एवढं केलंस तर मी माझी गिअरची सायकल घेऊन सोबत येतो. करूळ मात्र फ्रीव्हीलवरच उतरायचा.

पंचगंगाकाठ
हब फ्लिप-फ्लॉपच आहे, १८ चं फ्रीव्हीलही बसवून घेतो. पण करूळ मी फिक्स्डवरच उतरणार, २५ च्या वर न जाता, आणि तू पुढं राहा. चाक उलटवायचं ते फक्त रस्ता ओला असला तर.

घाटवाट
ओला असला तर नाही, खडी असली तरी. एवढं कबूल कर, मग तारीख ठरवू.