मदत हवी आहे: ११ स्क्वॉड्रन (ऱ्हायनोज), डाकोटा-एव्हरोच्या काळातलं ग्राउंड क्रूचं रेकॉर्ड कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. माझे आजोबा (आईचे वडील) एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर (विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे) होते, आधी डाकोटावर मग एव्हरोवर (दोन्ही वाहतुकीची विमानं), आणि घरात सगळे म्हणतात की ते ११ स्क्वॉड्रनला होते. याच स्क्वॉड्रनला सप्टेंबर २०२३ मध्ये देशातलं पहिलं सी-२९५ हे नवं वाहतुकीचं विमान मिळालं. हरणी विमानतळाकडून ते उडताना दिसलं की आजी गॅलरीत येऊन विचारते, "यांच्या एव्हरोच्या जागी आलं ते हेच ना?" हो, हेच. एकूण ५६ घेतलीयत, १६ स्पेनहून तयार आणि ४० इथेच बडोद्यात टाटांच्या कारखान्यात बनणार.

एव्हरो कानपूरला एचएएलने बांधलं, पहिलं उडालं १ नोव्हेंबर १९६१ ला. त्याला मागे रॅम्प नव्हता, सगळं सामान बाजूच्या दारातून चढवायचं, आणि त्या दाराबद्दल आजोबा तासन्‌तास बोलायचे, बंद केल्यावर कडेने बोट फिरवून रबर कुठे उचललंय का बघायचं हे त्यांनी मला जेवणाच्या डब्याचं झाकण घेऊन शिकवलं होतं. सी-२९५ ला मागे रॅम्प आहे, गाडी थेट आत जाते, त्यांना बघायला हवं होतं हे.

आता खरा प्रश्न. आई म्हणते ते बांगलादेश युद्धात टांगाइलला पॅराशूटने सैनिक उतरवले त्या वेळी तिथे होते. ११ डिसेंबर १९७१, २ पॅराची बटालियन पुंगली पुलाजवळ उतरवली, मैमनसिंगहून ढाक्याकडे मागे हटणारी पाकिस्तानी ब्रिगेड अडवायला, आणि वाहतुकीची विमानं होती डाकोटा, पॅकेट, एएन-१२. फिटर काही उडी मारायला जात नाही, म्हणजे ते असले तर बंगालमधल्या कलाईकुंडा नाहीतर डमडमच्या तळावर विमानं तयार करत असणार. आमच्याकडे एक फोटो आहे, डाकोटाच्या शेपटीपाशी चौघं उभे, आजोबांच्या ओव्हरऑलच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि मागे ताडाची झाडं. बंगालच वाटतो. पण एअरमनची दर काही वर्षांनी बदली होते, त्यामुळे स्क्वॉड्रनचा इतिहास तोच यांचा असं धरून चालणार नाही, आणि नेटवर जे मिळतं ते बहुतेक वैमानिकांचं, रात्रभर विमानाखाली पडून काम करणाऱ्यांचं कोणी लिहीतच नाही याचं फार वाईट वाटतं.

सर्व्हिस नंबर आजीच्या पेन्शनच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या कागदावर) आहे. दिल्लीला सुब्रतो पार्कच्या एअरफोर्स रेकॉर्ड ऑफिसातून कुणी घरच्यांचं पोस्टिंगचं रेकॉर्ड मागवलंय का? आजीच्या सहीचा साधा अर्ज चालतो की आरटीआयच टाकावा लागतो, आणि सोबत काय काय जोडायचं? शिवाय त्या काळात ११ ला असलेले कुणी काका-आजोबा तुमच्या ओळखीत असतील, बडोद्यात किंवा ग्वाल्हेर-इंदूरकडे, तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी फोटो घेऊन स्वतः भेटायला येईन. आजीचं वय झालंय, म्हणून जरा घाई आहे.