‘रॉ’ आवाजाला मराठीत काय म्हणाल?

विचारणा
टॅकोमा या अमेरिकन शहरातला ‘द सॉनिक्स’ हा बँड माझ्या फार जिव्हाळ्याचा. पहिला अल्बम १९६५ चा. पुढच्या पंकवाल्यांनी, म्हणजे धसमुसळं, वेगवान रॉक वाजवणाऱ्यांनी, त्यांच्याकडून भरभरून उचललं, पण नाव अजूनही फारसं कुणाच्या तोंडी नाही. त्यांच्या २०१५ च्या ‘धिस इज द सॉनिक्स’वर लिहायला बसलोय आणि पहिल्याच ओळीत अडलोय. ‘रॉ’ला ‘कच्चा’ लिहिलं की रियाज कमी पडल्यासारखं वाटतं. ‘डिस्टॉर्शन’ला शब्दकोश ‘विकृती’ सांगतो, ते वैद्यकीय अहवालातलं वाटतं. शिवाय ‘लेटेस्ट’ आणि ‘अंडररेटेड’ही हवे आहेत.

प्रतिसाद
रांगडा! सरळ लिहा, रांगडा आवाज.

प्रतिसाद
‘रांगडा’ माणसाला शोभतो, गायकालाही चालेल. सॉनिक्सचा गायक जेरी रॉझली बेंबीच्या देठापासून ओरडतो, तो रांगडा आहेच. पण गिटारचं काय? तिथे आपल्याकडे रोजच्या वापरातला शब्द तयार आहे. आवाज वाढवला की आपण काय म्हणतो? ‘कमी कर, आवाज फाटतोय.’ डिस्टॉर्शन म्हणजे नेमकं हेच. अँप्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की लाटेचे माथे कापले जातात आणि सूर खरखरायला लागतो.

आता गंमत व्याकरणाची. ‘फाटणे’ आपोआप होतं, तो अपघात. ‘फाडणे’ कुणीतरी मुद्दाम करतं. सॉनिक्सचा गिटारवादक लॅरी पॅरिपा यानेच सांगितलंय की ते अँप्लिफायर असेच ताणून वाजवायचे, कधी स्पीकरला बर्फ फोडायच्या टोच्याने भोकही पाडायचे. भोक पडलेला कागदी कोन फडफडतो, ती फडफड सुरात मिसळते. १९६६ च्या ‘बूम’च्या वेळी तर त्यांनी स्टुडिओच्या भिंतींवरचं आवाज शोषणारं आवरण उचकटून काढलं, खोली घुमावी म्हणून. हा फाटका आवाज नव्हे, फाडलेला आवाज. ‘फाटका’ म्हटलं की दारिद्र्य दिसतं. ‘फाडलेला’ म्हटलं की त्यामागचा हात दिसतो. इंग्रजी ‘रॉ’मध्ये हा फरक नाही, आपल्या क्रियापदात आहे. तो सोडू नका.

‘कच्चं रेकॉर्डिंग’ मात्र डेमोसाठी, म्हणजे नमुन्यादाखल केलेल्या मुद्रणासाठी, राखून ठेवा. तिथे तो शब्द चपखल बसतो.

प्रतिसाद
वरचा प्रतिसाद पटला. फक्त अशा बँडच्या संगीताला ‘गॅरेज-पंक’ म्हणतात, त्यातला ‘गॅरेज’ शब्द जपून वापरा. मराठीत गॅरेज म्हणजे गाडी दुरुस्तीची जागा. ‘गाडी गॅरेजला टाकलीय’ म्हणतो ना आपण. अमेरिकेत ते घराला लागून असलेलं गाडी ठेवायचं छप्पर, जिथे पोरं सराव करायची. एकदा खुलासा करून टाका, पुढे बिनधास्त ‘गॅरेज-पंक’ लिहा. भाषांतर नको.

‘पंक’चा अर्थ विचारला कुणी, तर माझं मत ‘टारगट’ला. ‘गुंड’ फार जड, ‘उनाड’ फार लाडका. साठच्या दशकातल्या या पोरांना ‘पंक’ हे नाव मागाहून चिकटलं: १९७१ मध्ये संगीत समीक्षक डेव्ह मार्शने ‘क्रीम’ या अमेरिकन रॉक मासिकात तसल्याच एका बँडबद्दल ते वापरलं, १९७२ मध्ये लेनी केने ‘नगेट्स’ या संग्रहाच्या टिपणात.

प्रतिसाद
‘लेटेस्ट’ला ‘शेवटचा’ अजिबात नको, बँड संपला असं वाटेल. ‘नवीनतम’ सरकारी आहे. सरळ साल लिहा. ‘अंडररेटेड’ला ‘उपेक्षित’ लिहिलंत तर कीव येते. ‘झाकलं माणिक’ चालेल, नाहीतर ‘ज्यांची कदर झाली नाही’.

विचारणा करणारा
सर्वांचे मनापासून आभार. फाटणे-फाडणे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, त्यामुळे सगळा लेखच वेगळा होणार. सुरुवात अशी केली आहे, कुठे खटकत असेल तर सांगा:

‘सत्तरीच्या आसपासच्या रॉझली, पॅरिपा आणि सॅक्सोफोनवाल्या रॉब लिंड यांनी २०१५ मध्येही आवाज फाडायचा सोडलेला नाही. निर्माता जिम डायमंडने हा अल्बम मोनोत मुद्रित केलाय, म्हणजे सगळी वाद्यं एकाच वाटेने, एकमेकांना ढकलत कानावर येतात.’

‘मोनो’ तसाच ठेवलाय. ‘एकमार्गी’ लिहिलं की रस्त्यावरची पाटी आठवते.

प्रतिसाद
‘ढकलत’ऐवजी ‘रेटत’ करा. बाकी काही खटकत नाही.